नोंद आढळली नाही

आमच्या संस्थेत कोणाला काय झालंय हे सगळ्यांत आधी हयवदनला कळायचं, आणि त्याच्याकडून ते कधीच कुणाला कळायचं नाही. एका मोठ्या साहेबांनी निवृत्तीच्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "माझ्या मूळव्याधीचं माझ्या बायकोच्या आधी त्या हयवदनला ठाऊक होतं. बारा वर्षं रोज समोर दिसायचा, पण नजरेतसुद्धा कधी काही दिसू दिलं नाही." असा माणूस. पोटात ठेवणारा. त्याचं हे पोटात ठेवणं मला तेव्हा फार मोठं वाटायचं. आता त्याचा राग येतो आणि मग त्या रागाचीही लाज वाटते, कारण जे झालं त्यात माझाही हात होता.

हयवदनचं घर चामराजपेटेत. त्याचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर कारकुनी करायला इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. पण ती मराठी तुमची-माझी नव्हे. त्याच्या मराठीत 'मी केलं' नसायचंच, 'मी केलो' असायचं. 'थोडं' नाही, 'स्वल्प'. 'बरं' नाही, 'सरी'. मराठी वर्तमानपत्र त्या घरात कधी आलं नव्हतं, आणि देवनागरी तो शिकला ती शाळेतल्या हिंदीच्या तासाला. मी साताऱ्याचा, नोकरीसाठी बंगळूरला आलो आणि बसवनगुडीत राहिलो. "तुझी मराठी म्हणजे नुसता बिसीबेळेभात आहे, सगळं एकत्र शिजवलेलं," असं मी त्याला म्हणायचो. तो हसायचा. "तुमची तरी कुठं शुद्ध, उपेंद्रराव? अर्धी इंग्रजी, अर्धी शिव्या."

ते मात्र खरं होतं. माझं तोंड फाटकं. साहेबाच्या खोलीतून बाहेर पडलो की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो आणि हयवदन दोन्ही कानांवर हात ठेवायचा. कपाळाला गोपीचंदन, डब्यात दहीभात, बोलणं खालच्या आवाजात. नऊ वर्षांचा असताना गल्लीत ऐकलेली एक शिवी त्यानं घरी येऊन म्हणून दाखवली, तेव्हा वडिलांनी त्याला अशी थोबाडीत मारली की तो दोन दिवस त्या बाजूनं जेवला नाही. हे त्यानंच मला सांगितलं होतं. कोणती शिवी, ते मात्र सांगितलं नव्हतं.

आमची संस्था सरकारी, संशोधनाची. फाटकावर फोन काढून लाकडी खणात ठेवायचा, नंबराचा पितळी बिल्ला घ्यायचा, संध्याकाळी बिल्ला देऊन फोन परत. म्हणजे दिवसभर बाहेरचं जग आत यायचं ते फक्त टेबलावरच्या संगणकातून, आणि तेही हयवदनच्या तळमजल्यावरच्या गार खोलीतून गाळून. तो लागला तेव्हा टेलिफोनच्या तारा जोडायचा, मग संगणकाच्या तारा जोडू लागला आणि शेवटी ती गाळणी त्याच्याच गळ्यात पडली.

एकदा त्यानं मला ती समजावून सांगितली होती. तीन चाळण्या. पहिलीत बंदी घातलेल्या साईटींचे पत्ते. दुसरीत प्रकार: जुगार, खरेदी, लग्नाच्या साईटी, ज्योतिष. हे प्रकार पाडून देणारी कंपनी कुठली तरी परदेशातली. तिनं पंचांगाला जादूटोण्याच्या खणात टाकलं होतं, त्यामुळे खुद्द हयवदनला ऑफिसात एकादशी कधी ते बघता यायचं नाही. आणि तिसरी चाळणी शब्दांची. तुम्ही एखादं पान उघडलंत की तुमच्या आधी यंत्र ते पान वाचणार, यादीतला एक जरी शब्द सापडला तरी पान तिथंच अडवणार. कोणी, कधी, कोणत्या शब्दावर अडकलं, सगळं वहीत उतरवल्यासारखं उतरायचं. दर शुक्रवारी दुपारी हयवदननं ते वाचून समोर 'पाहिले' अशी खूण करायची.

पान अडलं की पूर्वी पडदा लालभडक व्हायचा. 'आपण निषिद्ध मजकूर उघडण्याचा प्रयत्न केला आहे. आपले नाव नोंदवले गेले आहे.' एकदा आमच्या अजितचा पडदा असा लाल झाला. त्याच्या बायकोचं स्तनाचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला आता आतून घालायला काय मिळतं ते तो बिचारा शोधत होता. यंत्राला काय कळणार? मागे उभी असलेली पोरं खिदळली. अजितनं कुणाला काही सांगितलं नाही, महिन्याभरात बदली मागून तो निघून गेला. हयवदनच्या मनाला ते फार लागलं. त्यानं कुणाला न विचारता तो लाल पडदा काढून टाकला आणि त्या जागी साधं पांढरं पान ठेवलं. त्यावर, ज्या भाषेतली साईट असेल त्या भाषेत, एकच ओळ: नोंद आढळली नाही. "कुणाला लाजायला नको," म्हणाला. मला ते इतकं आवडलं की मी त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

मग वरून हुकूम आला की शब्दांच्या चाळणीत नुसते इंग्रजी शब्द आहेत, भारतीय भाषांतले अपशब्दही घाला. तिघांची समिती झाली. एक अध्यक्ष, एक हयवदन आणि एक मी, बहुधा विषयाचा जाणकार म्हणून. यादी हयवदननं केली. टायपिस्ट मुलीसमोर असले शब्द कसे काढायचे म्हणून स्वतःच्या हातानं लिहिली, प्रत्येक शब्द कन्नड, रोमन आणि देवनागरी अशा तिन्ही लिप्यांत. लोक शिव्यांचं स्पेलिंग हवं तसं करतात, म्हणून शब्दाचं नुसतं धड लिहायचं आणि पुढे एक चांदणी काढायची. म्हणजे मागे कोणतंही शेपूट असलं तरी यंत्र शब्द पकडणार. कागद माझ्याकडे आला तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. मी न वाचता सही ठोकली.

त्या यादीतला सव्विसावा शब्द होता 'बेवार', पुढे चांदणी. कन्नडमध्ये 'बेवार्सी' ही शिवी आहे, ज्याच्या बापाचा पत्ता नाही अशा अर्थाची, आणि चामराजपेटेतल्या त्या थोबाडीतली शिवी हीच, हे मला पुढे कळलं. आपल्याकडे मात्र एस.टी. स्टँडवर दर दहा मिनिटांनी भोंग्यातून सांगतात, बेवारस वस्तूंना हात लावू नका. मी यादीवरून नुसती नजर फिरवली असती तरी मला हसू फुटलं असतं आणि तो शब्द तिथल्या तिथं खोडला गेला असता.

यशश्री आमच्याकडे शास्त्रज्ञ. सांगलीकडची, पंचेचाळिशीची, सर्जापूर रोडला फ्लॅट, नवरा कामानिमित्त परदेशी. तिचे वडील, चंद्रकांत गुरुजी, शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर हळूहळू त्यांना विसरायला होऊ लागलं, आधी माणसांची नावं आणि मग घराचा रस्ता. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका सकाळी ते दाढी करून, स्वेटर घालून घराबाहेर पडले आणि परत आले नाहीत. तिच्या मामानं पोलीस ठाण्यात तक्रार दिली. यशश्री तिकडे जाऊन आठ दिवस स्टँड, देवळं, दवाखाने पालथे घालून आली. येताना आईला, प्रेमाबाईंना, बरोबर घेऊन आली, कारण त्या गावी एकट्या जेवेनात.

मामानं तिकडचं बघायचं, यशश्रीनं आसपासच्या पाच जिल्ह्यांच्या पोलिसांच्या साईटी बघायच्या, असं ठरलं. सापडलेल्या लोकांच्या याद्या, फोटोंसकट, त्या साईटींवर असतात. पण घरी बघायची सोय नव्हती. फोनचा उजेड पडला की आई विचारायची, "काय आलं गं?" आणि एका यादीचं नाव असं होतं की ते आईच्या नजरेला पडू द्यायचं नव्हतं. म्हणून यशश्री त्या याद्या फक्त ऑफिसात बघायची, रोज दुपारी एक वाजता, जेवायच्या आधी. 'हरवलेल्या व्यक्ती' उघडायचं. 'सापडलेल्या व्यक्ती' उघडायचं. आणि 'बेवारस मृतदेह' वर बोट ठेवलं (पहिल्या पानावरची ही नावं चित्रांत होती, ती यंत्राला वाचता यायची नाहीत) की पांढरं पान यायचं: नोंद आढळली नाही. पाचही जिल्ह्यांचं तसंच. सरकारी साईटी, एकाच कुणीतरी केल्या असतील, पानं सारखीच दिसणार, असं तिला वाटलं. आणि वाटलं यात तिचं काय चुकलं?

मग डबा घेऊन ती कॅन्टीनमध्ये आमच्या टेबलाशी यायची. "आजही तिसऱ्या यादीत काही नाही, सर," ती म्हणायची. "नाही ना? मग आहेत कुठंतरी धडधाकट," असं मी म्हणायचो. रोज म्हणायचो. तिच्या घशाखाली चार घास उतरायचे आणि आपण केवढा धीर दिला असं मला वाटायचं.

शुक्रवारी हयवदननं यंत्राची नोंद वाचली. यशश्रीच्या नावापुढे पाच दिवस, दुपारी एक वाजता, तोच सव्विसावा शब्द. तो चपापला. इतकी सुशील बाई, वडील हरवलेले, आणि ही रोज असलं काय बघते? दुःखात माणसाचं डोकं फिरतं, कुठं कुणाशी भांडत असेल, असं त्यानं स्वतःशी म्हटलं. अडलेल्या पानाचा पत्ता उघडून बघणं म्हणजे तिच्या खोलीत डोकावणं. त्यानं 'पाहिले' अशी खूण केली आणि पुढची ओळ घेतली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच नाव, तोच शब्द. पुन्हा खूण केली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मामाचा फोन ऑफिसच्या लँडलाईनवर आला. गुरुजी घर सोडल्यापासून नवव्या दिवशी, दोन जिल्हे पलीकडे, एका तालुक्याच्या स्टँडवर बाकावर मेलेले सापडले होते. अकरा दिवस शवागारात ठेवले, फोटो साईटवर होता. कुणी आलं नाही तेव्हा नगरपालिकेनं जाळलं. त्याला चार दिवस झाले होते. मामाला हे कळलं ते फिरत फिरत त्या ठाण्यात पोचल्यावर, भिंतीवरचा फोटो बघून. यशश्री त्याच संध्याकाळी आईला घेऊन गेली. तिकडे त्यांना एक प्लॅस्टिकची पिशवी मिळाली, त्यात स्वेटर. राख मिळाली नाही, कारण त्या दिवशी तिथं तिघांना एकत्रच जाळलं होतं.

दहा दिवसांनी ती कामावर आली ती थेट हयवदनच्या खोलीत. मी तिथंच बसलो होतो. तिचा चेहरा सुकला होता, पण डोळ्यांत नुसता राग होता.

"अण्णा, ते म्हणतात अकरा दिवस फोटो साईटवर होता. खोटं आहे. मी रोज बघत होते. त्या कारकुनानं मागची तारीख घालून नंतर चढवलाय. आम्ही रोज काय उघडलं ते तुमच्या यंत्रात राहतं ना? मला ते छापून सही करून द्या. मी त्याला सोडणार नाही. त्याची नोकरी घालवीन."

"सरी अक्का," हयवदन म्हणाला. "स्वल्प वेळ द्या. काढून देतो."

ती गेल्यावर त्यानं नोंद काढली. मी चहा पीत होतो. त्यानं खणातून शब्दांची जुनी यादी काढली आणि पडद्याशेजारी धरली.

"उपेंद्रराव, बेवारस म्हणजे तुमच्या मराठीत काय?"

"बेवारस? ज्याला कुणी वारस नाही ते. बेवारस सामान. बेवारस प्रेत. का रे?"

"आमच्या घरी ती शिवी आहे," तो म्हणाला, आणि त्यानं ती यादी माझ्यापुढे सरकवली. खाली माझी सही होती. बोलपेनची, घाईची, शेपूट काढलेली.

मी काय केलं ते लपवत नाही. मी दार लावून घेतलं. माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. मी त्याला म्हटलं, आता सांगून काय माणूस परत येणार आहे? सांग की यंत्राची जुनी नोंद पुसली गेली. ती चार दिवस चिडेल, विसरेल.

"ती त्या कारकुनावर तक्रार करेल."

"करू दे."

"तो तर बरोबर केला. फोटो टाकला, तारीख टाकला. चूक मी केलो."

मी त्याला शिव्या घातल्या. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या. त्यानं त्या ऐकून घेतल्या आणि म्हणाला, "झालं? आता तिला बोलावतो."

पुढे चौकशी झाली. अहवालात 'तांत्रिक मर्यादा' असा शब्द आला, सव्विसावा शब्द यादीतून निघाला, लाल पडदा परत आला. कुणाला काही शिक्षा झाली नाही, मलाही नाही. हयवदननं मुदतीआधी निवृत्ती घेतली. हे सगळं कागदोपत्री आहे, त्यासाठी मी लिहायला बसलो नाही.

त्या दिवशी बोलावल्यावर यशश्री आली. त्यानं तिला खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. त्यानं सगळं सांगितलं. यादी, चांदणी, पांढरं पान. "कारकून खोटं बोलला नाही, अक्का. ते पान आम्ही अडवलो. 'नोंद आढळली नाही' हे त्यांचं नव्हतं, माझं होतं. मी लिहिलो." माझ्या सहीबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. ते मला बोलावं लागलं.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "दाखवा ते पान."

त्यानं चांदणी पुसली. पान उघडलं. काळ्या रेघांचा तक्ता, फोटोंची रांग. तिनं एकदा बघितलं आणि मान फिरवली. "मला नाही बघवत. तुम्ही वाचा, अण्णा."

हयवदन वाचू लागला. एकेक अक्षर लावत, जड, शाळकरी मराठीत. "पुरुष. वय अंदाजे पंच्याहत्तर. उंची पाच फूट चार इंच. बांधा सडपातळ. अंगात राखी स्वेटर, पांढरा पायजमा. दाढी..." तो थांबला. "दाढी दोन-तीन दिवसांची वाढलेली."

"म्हणजे बाहेर पडल्यावर सहा-सात दिवस कुणीतरी त्यांची दाढी करत होतं," यशश्री म्हणाली. "किंवा ते स्वतः करत होते. पुढे?"

"नातेवाईक शोध घेऊनही मिळून आले नाहीत."

तिनं विचारलं, "पुरुषच्या आधी एक शब्द आहे ना? तो वाचला नाहीत."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग त्यानं तो शब्द वाचला, तिच्यासमोर, तिच्या वडिलांच्या फोटोवर बोट ठेवून. त्याच्या कानात तो कसा वाजला असेल ते मला ठाऊक आहे.

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"माझ्या नावापुढे हा शब्द तुम्ही दोन शुक्रवार बघितलात. मग मला एकदा विचारलं का नाहीत?"

"तुमची लाज राखलो, अक्का," हयवदन म्हणाला.

"विचारायचं होतंत," यशश्री म्हणाली. आता तिचा राग कुठंच नव्हता, त्यामुळे ते ऐकवत नव्हतं. "पहिल्या शुक्रवारी ते तिथं शवागारात होते, अण्णा. मी त्यांना घरी आणलं असतं. नुसतं विचारायचं होतंत."